मामेकूळ

मुलीच्या बायोडेटात एक ओळ असते, मामेकूळ. तिच्यापुढे मामाचं आडनाव आणि गाव लिहायचं. बहुतेक लोक त्यातला 'कू' ऱ्हस्व काढतात. आमच्या मुलीचा बायोडेटा करायला घेतला तेव्हा वधू-वर मंडळाकडून आलेल्या नमुन्यातही तो ऱ्हस्वच होता. मी तो दीर्घ केला आणि मंडळाच्या चिटणीसांनाही तसं कळवलं. त्यांनी उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला.

हा माझा जुना स्वभाव आहे. नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात मी हिशेबाच्या खात्यात काम करतो. चुकीचं काही समोर आलं की ते नीट केल्याशिवाय मला चैन पडत नाही. लग्नपत्रिकेत तिथी आणि वार जुळत नसतील तर मी यजमानांना फोन करतो. सोसायटीच्या फलकावर पाण्याची वेळ चुकली असेल तर खिशातलं पेन काढतो. बायको म्हणते, "अहो, लोकांनी तुम्हाला लग्नाला बोलावलंय, पेपर तपासायला नाही."

फोन आणि संगणकाच्या बाबतीतही मी असाच काटेकोर. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी. प्रत्येक खात्याचा पासवर्ड वेगळा, आणि तो कुठेही लिहून ठेवलेला नाही. अनोळखी लिंक उघडायची नाही, कुणाच्या सांगण्यावरून कसलंही ॲप घ्यायचं नाही, ओटीपी सख्ख्या भावालाही सांगायचा नाही. घरी आलेल्या खोक्यांवरचं नाव-पत्त्याचं लेबल मी ब्लेडने खरवडून काढतो आणि मगच खोकं रद्दीत देतो. समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ मला गॅलरीत हे काम करताना बघून विचारायचे, "काय साहेब, आज कुठला पुरावा नष्ट करताय?" मी हसत असे. हसणारे नंतर रडतात, असं मनात म्हणत असे.

अशा माणसाने मुलीचा बायोडेटा तयार केला, तोही एका रविवारी सकाळी, चहा पीत.

मुलगी पुण्याला नोकरी करते. आणखी दोन मुलींबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. त्या दिवशी ती फोनच्या स्पीकरवर होती, बायको शेजारी बसून सांगत होती आणि मी टाइप करत होतो. नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मस्थळ, उंची, वर्ण, रक्तगट, शिक्षण, नोकरी, वडिलांचं काम, आईचं माहेर, काका, आत्या, मामा, मामेकूळ.

"रक्तगट कशाला?" मुलीने विचारलं.

"नमुन्यात आहे."

"मग आधार कार्डही जोडा ना बाबा. आणि बोटांचे ठसे."

"जास्त बोलू नकोस," तिची आई म्हणाली. "अर्धवट माहिती दिली की लोकांना वाटतं काहीतरी लपवतायत."

हे बायकोचं म्हणणं खोटं नव्हतं. आमच्याकडे कोऱ्या जागेचा अर्थ लोक आपापल्या मनाने लावतात. जन्मवेळ नसेल तर मंगळ असणार, मामाचं गाव नसेल तर माहेरशी भांडण असणार. म्हणून मी सगळं भरलं. मात्र मुलीचा मोबाइल नंबर आणि पुण्याचा पत्ता या दोन गोष्टी मी मुद्दाम गाळल्या. संपर्कासाठी माझा नंबर दिला. तिच्यापर्यंत जायचं तर माझ्या दारातून जावं लागेल, अशी माझी व्यवस्था होती, आणि त्या व्यवस्थेचं मला समाधान वाटलं होतं. मग ती फाइल मी वधू-वरांच्या गटांवर टाकली आणि नातेवाइकांनाही पाठवली.

फोन येऊ लागले. ज्यांनी मुलीसाठी स्थळ बघितलंय त्यांना त्या फोनवरचा आवाज ठाऊक असेल, म्हणजे आपला स्वतःचा. ऑफिसात मी पुरवठादारांशी बोलतो तो माणूस वेगळा आणि मुलाकडच्यांशी बोलतो तो वेगळा. मुलाकडचे विचारतात, मुलीकडचे सांगतात. कुणी हे कागदावर लिहून ठेवलेलं नाही. "हे तुम्हाला कशाला हवं?" असं उलट विचारलं तर ते स्थळ गेलंच, शिवाय वडील तिरसट आहेत ही बातमी चार घरांत जाते.

त्यातला एक फोन दुपारी जेवणाच्या सुट्टीत आला. आवाज माझ्याच वयाच्या माणसाचा, शांत, घरंदाज.

"काका, नमस्कार. मुलाचा चुलता बोलतोय. तुमच्या मुलीचा बायोडेटा वाचला. फार छान वाटलं. थोडं विचारू का?"

"विचारा ना."

"जन्मवेळ सायंकाळी सहा पस्तीस, बरोबर?"

"नाही, नाही. सहा बावीस."

"अच्छा, सहा बावीस. चष्मा लावायला हवा मला. आणि मामांचं गाव नांदगाव?"

"सटाणा."

"सटाणा, बरोबर. सटाण्याला आमचेही पाहुणे आहेत. आणि एक, राग मानू नका. आमच्या घरात वहिनींना जरा काळजी. मुलीला शेंगदाण्याचा त्रास आहे असं कुणीतरी म्हणालं."

"शेंगदाण्याचा कुठला? वांग्याचा आहे. तोही फार नाही, अंगावर पित्त उठतं."

"मग काहीच नाही. आमच्याकडे कुणी वांगं खातच नाही." आम्ही दोघेही हसलो.

संध्याकाळी मी बायकोला सगळं सांगितलं. ती खूश झाली. एवढं बारकाईने विचारतात म्हणजे मनावर घेतलंय, असं तिचं मत. त्याच आठवड्यात तिच्या भावाचाही फोन आला. त्यालाही त्या गृहस्थांनी फोन केला होता, आणि माझं नाव सांगून त्याची विचारपूस केली होती. "दाजी, माणूस भला शे," मेहुणा त्याच्या अहिराणीत म्हणाला. सटाण्याकडचा माणूस एखाद्याला भला म्हणतो तेव्हा त्याने त्याच्याशी बराच वेळ गप्पा मारलेल्या असतात.

मेहुण्याचा नंबर बायोडेटात नव्हता. तो त्या माणसाला कुठून मिळाला, हे मी तेव्हा विचारलं नाही.

दुसरा फोन त्याच आवाजाचा. या वेळी डोळ्याजवळच्या खुणेबद्दल. फोटोत उजव्या भुवईवर काहीतरी दिसतंय म्हणाले. मी सांगितलं, उजव्या नाही, डाव्या, लहानपणी सायकलवरून पडली होती. तिसऱ्या फोनला त्यांनी पुण्याचा विषय काढला. मुलगी नाशिक फाट्याजवळ राहते ना? मी म्हणालो नाही, आणि भागाचं नाव सांगितलं. ते नाव मी इथे लिहीत नाही. "म्हणजे ती खाली बँक असलेली इमारत?" त्यांनी विचारलं. "आमच्या पुतण्याचा मित्र तिथेच राहतो."

"बँक नाही," मी म्हणालो. "खाली दाताचा दवाखाना आहे."

पत्ता गाळणारा मीच होतो. पण तो गाळला होता कागदावरून. माझ्या तोंडून कुणी तो विचारून घेतला नव्हता. त्यांनी फक्त चुकीचं बोलायचं आणि थोडं थांबायचं, बाकीचं मी करत होतो.

त्यानंतर त्या गृहस्थांचे फोन थांबले. स्थळ जमलं नाही असं आम्ही धरून चाललो. बायकोला वाईट वाटलं. मलाही वाटलं.

महिन्याभराने मुलीचा फोन आला. तिचं जुनं ईमेल खातं उघडत नव्हतं. पासवर्ड तिने बदलला नव्हता, तरी बदलला गेला होता. हे खातं ती शाळेत असताना मीच काढून दिलं होतं. आता ती ते फारसं वापरत नव्हती, पण वर्षानुवर्षांचे फोटो त्यालाच जोडलेले होते, नातेवाइकांचे नंबरही त्यातच होते.

"पासवर्ड विसरल्यावर प्रश्न विचारतात ना, त्याचं उत्तर कुणीतरी बरोबर दिलंय," ती म्हणाली. "प्रश्न आठवतोय तुम्हाला?"

मला आठवत होता. आईचं माहेरचं आडनाव काय?

खातं काढताना ती दहा-अकरा वर्षांची होती. उत्तर म्हणून तिला 'भेंडी' लिहायचं होतं. मी तिला समजावलं होतं की प्रश्न विचारला की खरं तेच उत्तर लिहायचं, खोटं लिहिलं की आपणच विसरतो. तिने तोंड वाकडं करून खरं आडनाव लिहिलं होतं.

मी बायोडेटाची फाइल उघडली. मामेकूळ. तिच्यापुढे आडनाव आणि सटाणा. ते आडनाव मी ठळक अक्षरात केलं होतं, कारण तालुक्यात त्या घराला मान आहे. ज्या प्रश्नाचं उत्तर जगात फक्त घरच्यांना माहीत असावं, ते आमच्याकडे प्रत्येक उपवर मुलीच्या नावाखाली छापलेलं असतं, आणि आपण ते अनोळखी माणसांना नम्रपणे पाठवत असतो. मेहुण्याचा नंबर त्या माणसाकडे कसा गेला याचंही उत्तर बहुधा त्या जुन्या खात्यातच होतं. खातं आधी फुटलं की फोन आधी आला, याचा मेळ मला आजही लागत नाही.

आम्ही करायचं ते केलं. मुलीने इतर सगळ्या खात्यांचे पासवर्ड बदलले, बँकेला कळवलं, दुसऱ्या फोनवरून मंजुरी दिल्याशिवाय खातं उघडणार नाही अशी सोय केली. जुन्या खात्याबद्दल कंपनीला लिहिलं, त्यांचं ठरावीक उत्तर आलं. पैसे कुठून गेले नव्हते. मी प्रत्येक नोंद तपासली. काहीच गेलं नव्हतं, आणि तेच मला बरं वाटेना. कुणीतरी घरात शिरून काहीही न नेता निघून गेलं असेल तर त्याला काय हवं होतं?

ते एका रविवारी कळलं.

सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील. बेल वाजली. दारात माझ्याच वयाचे एक गृहस्थ उभे होते, पांढरा शर्ट, पायांत चपला, चेहरा उन्हाने रापलेला. चांदवडहून आलो, मंडळातून पत्ता मिळाला म्हणाले. मी आत बोलावलं. ते बसले, पण खुर्चीच्या कडेला. बायकोने पाणी आणलं. त्यांनी तांब्याकडे बघितलं आणि हात हलवला.

"पाणी नको."

आमच्या घरात आलेल्या कुणी पाणी नाकारल्याचं मला आठवत नाही. बायको तांब्या-पेला टीपॉयवर ठेवून तिथेच उभी राहिली.

"तुमची पोरगी कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

"पुण्याला असते. आपण कोण?"

"मी कोण ते कळंल. तिला फोन लावा. माझ्यासमोर लावा."

"अहो, पण काय झालंय ते तरी सांगा."

"काय झालंय?" त्यांनी खिशातून फोन काढला. "साहेब, तुम्ही शिकलेली माणसं. पोरीला हेच शिकवलं का? माझ्या पोराला तीन महिने नादी लावलं. रोज रात्री फोनवर बोलायची, लग्न करू म्हणाली. आज खोलीचं डिपॉझिट, उद्या आईचं ऑपरेशन. पोरगा पैसे धाडत राह्यला. किती धाडले ते बी सांगत नाय मला. आन् परवापासून नंबर बंद."

"माझं कसलं ऑपरेशन?" बायको म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. मग फोन माझ्या हातात दिला. मुलाने वडिलांच्या फोनवर पाठवलेली ती सगळी संभाषणं होती. वर आमच्या मुलीचा फोटो. तो बायोडेटातला नव्हता. चुलतभावाच्या लग्नात, हळदीला काढलेला होता. आमच्या घराबाहेर तो कुणाकडे नव्हता.

मी वाचू लागलो. ती मुलगी गोड बोलत होती. गुड मॉर्निंग, जेवलास का, आज ऑफिसात कंटाळा आला. मग एका ठिकाणी मुलाने विचारलं होतं, आमच्याकडे आलीस तर आई तुला भरीत-भाकरी करून घालेल. तिचं उत्तर होतं, नको रे, वांग्याने माझ्या अंगावर पित्त उठतं. पुढे एका ठिकाणी, डाव्या भुवईवरची खूण दिसतेय का, सायकलवरून पडले होते लहानपणी. आणखी पुढे, माझी जन्मवेळ सहा बावीस, तुझ्या गुरुजींना दाखव.

माझी वाक्यं होती ती. मी दुपारच्या सुट्टीत, डबा उघडा ठेवून बोललेली. एकेक दुरुस्ती मला ओळखू येत होती, जशी आपल्या हाताची सही ओळखू येते. माझ्या मुलीच्या नावाने जी कुणी बोलत होती तिला मी घडवलं होतं, आणि चांगलं पक्कं घडवलं होतं. तिच्यात एकही चूक नव्हती.

"ही माझी मुलगी नाही," मी म्हणालो.

"फोटो तुमच्या पोरीचा नाय?"

"फोटो तिचाच आहे."

"घराण्याचं नाव तुमचं नाय?"

"आहे."

"मग झालं की." ते उठले. "मी भांडाय आलो नाय साहेब. मी आलोय ते पोरासाठी. त्यो पहाटंच्या गाडीनं पुण्याला गेलाय. तिनं जागा सांगितली होती ना त्याला, दाताच्या दवाखान्यावर राहते म्हणून. फोन उचलत नाय माझा. रात्री जेवला नाय. जाताना आईच्या पाया पडला आन् एक शब्द बोलला नाय. पोरगा वाईट नाय माझा, पण डोक्यात काय घेऊन गेलाय मला ठाव नाय. तुमच्या पोरीला सांगा, पुढं येऊ नको म्हणा."

बायकोने माझा फोन आणून हातात दिला. मी मुलीला फोन लावला. पूर्ण वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. तिच्याबरोबर राहणाऱ्या एका मुलीचा नंबर मी कधीतरी आग्रहाने घेऊन ठेवला होता. तो लावला.

"काका? हो, फोन इथेच राहिलाय तिचा. ती खाली गेलीय. वॉचमनने बोलावलं, कुणीतरी भेटायला आलंय म्हणून."

"कोण आलंय?"

"नाव नाही सांगितलं. चांदवडचा आहे म्हणाला."

मी तिला सांगितलं, लगेच खाली जा, वॉचमनला तिच्याजवळ उभा कर आणि हा फोन बंद करू नकोस. मी स्पीकर लावून फोन टीपॉयवर, त्या तांब्याशेजारी ठेवला. तिघेही आम्ही त्याच्याभोवती वाकलो. सपातांचा जिन्यावरून उतरण्याचा आवाज येत होता. एक मजला. मग दुसरा. मध्येच कुणाचा तरी कुकर वाजला. बायकोने माझं मनगट धरलं होतं. चांदवडचे गृहस्थ ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होते, बहुतेक देवाचं नाव.

मग मुलीचा आवाज आला. लांबून, पण तिचाच. "मी तुम्हाला ओळखत नाही. खरंच नाही ओळखत." आणि एका पुरुषाचा आवाज, फाटलेला, "खोटं बोलती. ती खूण दाखव. भुवईवरची दाखव." मग गेट हलवल्याचा लोखंडी आवाज. वॉचमन ओरडला.

चांदवडचे गृहस्थ फोनवर अक्षरशः तोंड टेकवून ओरडले, "अरे ए! मी बोलतोय, तुझा बाप! तिच्या घरात उभा हाय मी. तिच्या आईच्या समोर उभा हाय. तिच्या आईला काय बी झालं नाय!"

पलीकडे सगळं थांबलं.

"दादा?" मुलाचा आवाज.

"आईला ऑपरेशन नाय कसलं. धडधाकट हाय माउली. येड्या, तिला नीट बोलू दे. आवाज ऐक तिचा."

मुलगी काहीतरी बोलली. काय ते मला कळलं नाही. ती बरंच बोलली, सावकाश, एखाद्या आजारी माणसाशी बोलावं तसं. मग गेटच्या लोखंडावर काहीतरी टेकल्याचा आवाज आला. ते त्याचं डोकं होतं, हे तिने नंतर सांगितलं.

"दादा," मुलगा म्हणाला, "ही ती नाय."

"नाय ना?"

"नाय. आवाज येगळा हाय. ही ती नाय, दादा." आणि तो रडायला लागला.

चांदवडचे गृहस्थ खाली बसले. थोड्या वेळाने त्यांनी हात पुढे करून तांब्या उचलला आणि पेला न घेता, वरून, सगळं पाणी पिऊन टाकलं.

पुढे आम्ही दोघेही आपापल्या ठिकाणी सायबर पोलिसांकडे गेलो. आमच्या इथल्या अधिकाऱ्याने नीट ऐकून घेतलं. बायोडेटा कुणाकुणाला पाठवला, त्याने विचारलं. ती माहिती माझ्याकडे तयार होती. "आणि त्यांनी पुढे कुणाला पाठवला?" ती नव्हती. त्याने मान हलवली. गटांवर टाकलेली फाइल काढून टाकायला सांगा, म्हणाला, पण ज्याने उतरवून घेतली त्याच्याकडून ती परत मागता येत नाही. मंडळाच्या चिटणीसांनी या वेळी अंगठा पाठवला नाही. फाइल काढून टाकली आणि पुढच्या नमुन्यातून जन्मवेळ, रक्तगट, मामेकूळ गाळायचं का हे सभेत ठेवू म्हणाले. सभेत ठेवलंही. बहुतेकांचं म्हणणं पडलं की मग बायोडेटात राहतं काय?

मुलीने ती जागा सोडली. एवढं सगळं होऊनही नोकरी सोडली नाही, त्याचं मला कौतुक वाटतं. ती घरी आली, दोन दिवस राहिली. निघताना, बॅग भरता भरता तिने सांगितलं.

"बाबा, नवीन जागेचा पत्ता मी तुम्हाला सांगणार नाहीये."

बायको म्हणाली, "असं काय गं? आम्ही परके का?"

"आई, तुलाही नाही. मामालाही नाही." मग माझ्याकडे बघून, "रागावू नका. पण समोरचा चुकीचं बोलला की तुम्हाला राहवत नाही. तुम्हाला माहीत असलं की तुम्ही सांगणार. मनात नसताना सांगणार."

"आता नाही सांगणार."

"भेंडी," ती म्हणाली आणि हसली. मी हसलो नाही. तिने बॅगेची चेन ओढली. अडीअडचणीला कळावं म्हणून तिने पत्ता एका मैत्रिणीकडे ठेवला होता. कुठली मैत्रीण, हेही सांगितलं नाही.

मुलीचं घर कुठे आहे हे बापाला माहीत नसणं कसं असतं, ते मला सांगता येणार नाही. पुण्यात पाऊस झाल्याची बातमी आली की मी बघतो, कुठल्या भागात झाला. आणि मग कळतं की ते बघून उपयोग नाही.

अलीकडेच तो फोन आला. दुपारी, जेवणाच्या सुट्टीत. नंबर नवा होता.

"काका, नमस्कार. ओळखलंत ना?"

मी ओळखलं. तोच आवाज, शांत, घरंदाज. फोन ठेवून द्यायला हवा होता. पण पोलिसांनी सांगितलं होतं की पुन्हा आला तर नंबर आणि वेळ टिपून घ्या, म्हणून मी पेन शोधत राहिलो.

"मुलीची पत्रिका पुन्हा काढली," तो म्हणाला. "जन्मवेळ सहा पस्तीस, बरोबर ना?"

इथे वाचणाऱ्यांना एक सांगतो. या लेखात मी लिहिलेली वेळ खरी नाही. बदलून लिहिली आहे, आणि चुकीचा आकडा कागदावर उतरवताना माझा हात अजून अडखळतो. त्या दिवशी तर जीभ टाळूला लागली होती. मी ती तिथेच दाबून धरली.

"हो," मी म्हणालो. "सहा पस्तीस."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"नाही काका," तो म्हणाला. "सहा बावीस. तुम्हीच सांगितलं होतं."

रागावून नाही, मुलाचं गणित तपासणाऱ्या मास्तरांसारखा म्हणाला. मग त्याने पुण्याच्या एका भागाचं नाव घेतलं. "आता तिकडे राहते ना ती? जुनी जागा सोडली म्हणे."

"मला माहीत नाही."

"वडिलांना माहीत नाही?"

"नाही."

तो थांबला. त्याची ही थांबण्याची पद्धत मला आता कळली होती. ती रिकामी जागा आपण भरायची असते. मी भरली नाही. भरायला माझ्याकडे काही नव्हतंच. कँटीनमध्ये कुणीतरी स्टीलचे डबे धूत होतं, तो आवाज त्यालाही जात असणार. मग फोन बंद झाला.

मी नंबर आणि वेळ टिपली, पोलिसांना कळवली. मग मुलीला फोन केला आणि जसं झालं तसं सांगितलं. त्याने ज्या भागाचं नाव घेतलं तेही सांगितलं.

तिने ते नाव मला पुन्हा एकदा सांगायला लावलं.

"तुम्ही काय म्हणालात?" तिने मग विचारलं.

"माहीत नाही म्हणालो."

"बरं केलंत, बाबा."

तो भाग बरोबर होता की चूक, ते तिने सांगितलं नाही. मी विचारलं नाही.